जुन्या थार सीआरडीईचा टॉर्क वाढवायचाय? पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

२०१० ते २०२० या काळात विकल्या गेलेल्या महिंद्रा थार सीआरडीईचं (सीआरडीई म्हणजे कॉमन रेल डिझेल) २४९८ सीसीचं इंजिन कंपनीतून १०५ बीएचपी आणि २४७ न्यूटन मीटर टॉर्क घेऊन येतं. २०२० मध्ये आलेल्या नव्या थारचं २.२ लिटरचं एमहॉक डिझेल त्याहून लहान, तरी ते ३०० न्यूटन मीटर देतं. मधले हे पन्नासेक न्यूटन मीटर जुन्या इंजिनातून निघतील का, हा प्रश्न जुन्या थारवाल्यांच्या प्रत्येक बैठकीत निघतोच. निघतात, आणि इंजिन न उघडता निघतात. डिझेल इंजिनात जास्त डिझेल ओतणं हे सगळ्यात सोपं काम आहे. लॅपटॉप जोडला की तासाभरात होतं. ते डिझेल पूर्ण जळेल एवढी हवा पोचवणं आणि जळल्यावर तयार होणारी उष्णता बाहेर काढणं, खरं काम ते आहे. म्हणून माझा आग्रह एकच: रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातले (ईसीयू) आकडे बदलणं, सगळ्यात शेवटी. त्याच्या आधीची कामं ज्या क्रमाने करावीत, त्याच क्रमाने खाली लिहिली आहेत.

आधी चाकापर्यंत किती पोचतंय ते बघा

टॉर्क म्हणजे फिरवण्याची ताकद, आणि बीएचपी म्हणजे ती ताकद किती वेगाने वापरली जाते त्याचा हिशेब. २४७ न्यूटन मीटर १८०० आरपीएमला मिळत असेल, तर त्या क्षणी इंजिन जेमतेम ६२ बीएचपी देत असतं. घाटात, चिखलात, दगडांवर आपण ज्या आरपीएमला गाडी चालवतो तिथे जाहिरातीतले १०५ बीएचपी कामालाच येत नाहीत. तिथे जे काही आहे ते टॉर्कच आहे.

आता टायरकडे बघा. थार सीआरडीईचा मूळ टायर २३५/७० आर १६, म्हणजे साधारण २९ इंच उंचीचा. त्याजागी ३१ इंची टायर टाकला की चाक सात टक्क्यांनी मोठं होतं, आणि जमिनीला मिळणारी ओढ तेवढीच कमी होते. गाडीला जणू २३१ न्यूटन मीटरचंच इंजिन आहे असं ती वागू लागते. ३३ इंची टाकले तर हा आकडा २१७ च्या आसपास जातो, आणि जड टायर फिरवायला लागणारा जोर वेगळाच. ‘टायर बदलल्यापासून गाडी ओढत नाही’ असं म्हणत जे गॅरेजला येतात, त्यांच्या इंजिनात काही बिघडलेलं नसतं. मोठे टायर ठेवायचेच असतील तर डिफरन्शियलचं क्राउन-पिनियन बदलून गुणोत्तर परत मूळ जागी आणणं हा सगळ्यात सरळ उपाय आहे. तो महाग पडतो म्हणून लोक रिमॅपकडे वळतात.

दुसरा हिशेब लो रेंजचा, म्हणजे चाकांचा वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरचा. समजा पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४, डिफरन्शियलचं ४ आणि लो रेंजचं अडीच. फोर एचमध्ये (फोर-व्हील ड्राइव्ह, हाय रेंज) चाकाला २४७ गुणिले १६, म्हणजे ३९५२ न्यूटन मीटर मिळतात (घर्षणातली घट सोडून). रिमॅप करून इंजिन ३०० वर नेलं तर ४८०० मिळतील. काहीही न बदलता लिव्हर फोर एलमध्ये (लो रेंज) टाकला तर ९८८०. ज्यांना फक्त चढ चढायचेत, नदीपात्रातून निघायचंय, मित्राची अडकलेली गाडी ओढायचीय, त्यांनी आधी फोर एल वेळेवर टाकायची सवय लावावी. इंजिनात पैसा घालायची गरज त्यांना बहुतेक पडत नाही. भरलेली गाडी घेऊन घाटात तिसऱ्या गिअरमध्ये दम तुटतो, हायवेवर ओव्हरटेक करताना प्रत्येक वेळी गिअर उतरवावा लागतो, ही तक्रार असेल तर पुढचं वाचा.

इंजिनाची तब्येत

लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीने कागदावरचे २४७ कधीच गमावलेले असू शकतात. अशा गाडीवर रिमॅप म्हणजे निव्वळ मलमपट्टी. म्हणून सुरुवात तपासणीने करायची, आणि ती घाईत करायची नाही.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर नवे टाका, फिल्टरच्या तळाचं पाणी काढा. हे सगळेच करतात. त्याच्या पुढचं मात्र फार कमी गॅरेजमध्ये होतं.

टर्बोपासून (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती तापलेली हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनापर्यंत जाणाऱ्या रबरी होजपाइपमध्ये गळती आहे का, ते दाब देऊन बघायचं असतं. नुसतं वरून हात फिरवून कळत नाही. होजची चीर बहुतेक खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या कडेला पडते, आणि इंजिन बंद असताना ती मिटलेली असते. होज मुठीत दाबून पिळला की एक बारीक रेघ उघडते आणि तिच्या कडेला तेलकट काळा डाग दिसतो. तो डाग म्हणजे तिथून हवा सुटते आहे याचा पुरावा. पूर्ण तपासणी करायची तर इंजिन बंद आणि थंड असताना एअर फिल्टरकडून टर्बोत जाणारा पाइप काढा, टर्बोच्या तोंडावर घट्ट बसणारं पीव्हीसीचं झाकण लावा आणि त्याला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून घ्या. क्रँककेसच्या ब्रीदरची जी नळी या पाइपला येऊन मिळते ती वेगळी करून बंद करायला विसरू नका, नाहीतर दाब इंजिनात शिरून ऑइल सील उडतील. मग हवेच्या कॉम्प्रेसरने १० पीएसआयच्या आत दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाका. जिथे बुडबुडे येतील तिथे तुमचा टॉर्क बाहेर जातोय. इंटरकूलरच्या प्लास्टिक टाकीच्या शिवणीवर तर आवर्जून टाका.

टर्बोचा पाइप निघालेलाच आहे तर शाफ्ट बोटाने हलवून बघा. आडवा किंचित हलला तर चालतं, कारण चालू इंजिनात तो तेलाच्या थरावर तरंगतो. मागे-पुढे खेळ जाणवला, किंवा पात्यांची टोकं घराला घासल्याची खूण दिसली, तर तो टर्बो जास्त दाब सहन करणार नाही. आधी तो दुरुस्त करा.

इंजेक्टरची साधी परीक्षा म्हणजे रिटर्न टेस्ट. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या पारदर्शक बाटल्यांत सोडायच्या, इंजिन काही मिनिटं आयडलला चालवायचं आणि पातळी बघायची. एका बाटलीत बाकीच्यांपेक्षा खूप जास्त डिझेल जमलं तर तो इंजेक्टर झिजलेला आहे. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: परतीच्या नळ्या कमी दाबाच्या असतात, पण पंपापासून रेलपर्यंत (चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणारी जाड नळी) आणि रेलपासून इंजेक्टरपर्यंतच्या स्टीलच्या नळ्यांत हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो. चालू इंजिनात त्यांचा नट कधीही सैल करू नका, आणि गळती हाताने चाचपू नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडीतून आत घुसते, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवायची वेळ येऊ शकते.

धुराचा रंगही बघा. जोर देताना काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त, निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम इंजिनातही येत राहिला तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. यातला कुठलाही दोष शिल्लक असताना पुढे जाऊ नका. एवढ्या कामानंतर बऱ्याच गाड्या इतक्या सुधारतात की मालक तिथेच थांबतो, आणि त्यात काहीच गैर नाही.

मीटर लावल्याशिवाय पाऊल टाकू नका

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा कूलंटचं सांगतो. तो हलेपर्यंत सिलिंडरच्या आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. टॉर्क वाढवलेल्या डिझेलला दोन मीटर हवेतच: बूस्टचं, म्हणजे टर्बो हवेला देतो त्या दाबाचं, आणि एक्झॉस्टच्या तापमानाचं. परवडत असेल तर ओबीडीला (गाडीच्या संगणकाशी जोडायचं सॉकेट) लावायचा स्कॅनर घ्या. त्यात रेल प्रेशर, हवेचं तापमान आणि इंजिनाचा लोड दिसतो.

एक्झॉस्टच्या तापमानाचा सेन्सर टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये बसवायचा. टर्बोनंतर पाइपात बसवणं सोपं, पण तिथे जोराच्या वेळी तापमान शंभर-दोनशे अंशांनी कमी दिसतं, आणि नेमका किती फरक आहे ते सांगता येत नाही. मॅनिफोल्डला भोक पाडताना तो गाडीवरून उतरवूनच पाडा. ‘इंजिन चालू ठेवा, भुगा बाहेर फेकला जाईल’ असं सांगणारे मिस्त्री भेटतील. लोखंडाचा एक कण टर्बोच्या पात्यावर आदळला तर काय होईल याचा विचार करा आणि तिथून गाडी काढून घ्या.

मर्यादा कोणती? टर्बोच्या आधीचं तापमान लांब चढावर ७०० अंश सेल्सियसच्या खाली राहिलं पाहिजे. ओव्हरटेक करताना काही सेकंद ७५० दिसलं तर घाबरू नका, पण काटा तिथे टेकून राहिला तर पाय उचला. पिस्टन अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात आणि शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन तगतात ते खालून उडणाऱ्या ऑइलने आणि दर फेरीला आत येणाऱ्या ताज्या हवेने थंड होत राहतात म्हणून. सतत जास्त तापमानात ठेवलं तर तो समतोल मोडतो.

मीटर लागल्यावर आठवडाभर गाडी आहे तशीच चालवा आणि आकडे वहीत लिहा. कुठल्या चढावर, किती माणसं, कुठला गिअर, किती बूस्ट, किती तापमान. ही वही पुढे रिमॅप करणाऱ्या ट्यूनरसमोर ठेवायची आहे.

हवा

एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात सिलिंडरमध्ये डिझेल आणि हवा तितकी नीट मिसळत नाहीत, म्हणून धूर न काढता चालायला त्याहून बरीच जास्त, अठरा-एकोणीस किलो तरी लागते. डिझेल वाढवलं आणि हवा तेवढीच ठेवली, तर काळा धूर आणि तापलेला एक्झॉस्ट मिळतो. टॉर्क थोडाच वाढतो.

हवा वाढवायचा पहिला विचार मनात येतो तो बूस्ट वाढवण्याचा. माझ्या मते आधी इंटरकूलरकडे बघावं. हिशेब असा आहे: बाहेर ३५ अंश तापमान आहे, टर्बो हवा दुप्पट दाबतो आणि त्याची कार्यक्षमता ७० टक्के आहे, तर टर्बोतून निघणारी हवा जवळपास १३० अंशांवर गेलेली असते. गरम हवा विरळ असते. इंटरकूलरने ती ६० अंशांवर आणली की तेवढ्याच दाबात सुमारे वीस टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. टर्बोवर एका पैशाचा ताण न टाकता मिळालेली ही वीस टक्के हवा आहे. उलटं सांगायचं तर, इंटरकूलर चिखलाने बुजला असेल तर तुम्ही ती रोज गमावताय.

पावसाळाभर ट्रेल करणाऱ्या गाड्यांत हे सर्रास दिसतं. समोरून इंटरकूलर स्वच्छ दिसतो, कारण पुढचा चिखल आपण धुतो. रात्री मागून बॅटरी मारून समोरून बघा. निम्म्या जाळीतून उजेड येत नाही, कारण सुकलेली लाल माती पात्यांच्या मधोमध विटेसारखी बसलेली असते. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती वाकतात आणि काम कायमचं बिघडतं. इंटरकूलर उतरवून पाण्यात भिजत ठेवावा आणि कमी दाबाने मागून पुढे धुवावा. आतून साचलेलं ऑइलही याच वेळी काढून टाका. एवढं करून मीटरवर हवेचं तापमान जास्तच राहत असेल, तर मोठ्या गाभ्याचा इंटरकूलर बसवा. तो रेडिएटरची वाट अडवणार नाही, याकडे मात्र लक्ष द्या.

एअर फिल्टरच्या बाबतीत माझं ठाम मत आहे: कागदी फिल्टर, मूळ डब्यात, वेळेवर बदललेला. उघडे कोन फिल्टर इंजिनरूममधली गरम हवा ओढतात आणि आपल्याकडच्या धुळीत टर्बोची पाती झिजवतात. स्नॉर्केल (छताच्या उंचीवरून हवा ओढणारा पाइप) पाण्यातून जायला आणि धूळ टाळायला उत्तम, टॉर्कसाठी त्याचा उपयोग नाही. बसवलाच तर प्रत्येक जोड हवाबंद आहे ना ते बघा.

एक्झॉस्टमध्ये टर्बोनंतरचा पाइप थोडा मोठा केला तर टर्बो लवकर उठतो आणि तापमानही थोडं उतरतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नका. ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) बंद करून टॉर्क वाढतो हाही गैरसमज आहे. पूर्ण जोर मागितला की ईसीयू ईजीआर स्वतःच बंद करतो, म्हणजे जिथे टॉर्क हवा तिथे तो मध्ये येतच नाही. ईजीआर आणि इनटेकमध्ये साचलेला काजळीचा थर मात्र साफ करून घ्या, कारण तो हवेची वाट खरोखरच अरुंद करतो.

थंडावा आणि क्लच

जास्त टॉर्क म्हणजे जास्त उष्णता, आणि ती शेवटी रेडिएटरकडेच जाते. रेडिएटर बाहेरून आणि आतून साफ, कूलंट योग्य प्रमाणात, फॅनचा विस्कस क्लच गरम झाल्यावर पकडतो की नुसता फिरतो ते तपासलेलं, रेडिएटरच्या टोपीचं रबर शाबूत. मे महिन्यात भरलेली गाडी घाटात चढवून काटा स्थिर राहत असेल तरच पुढचं काम. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, पण बदलायचं अंतर कमी करा. जोरात चालवून थांबल्यावर मिनिटभर आयडलला ठेवून मगच बंद करा, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल जळून काजळी होत नाही.

क्लच २४७ न्यूटन मीटर धरून, थोडी राखीव ताकद ठेवून बनवलेला असतो. ती राखीव ताकद जुन्या क्लचमध्ये उरलेली नसते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम वर पळालं आणि वेग तिथेच राहिला, तर क्लच घसरतोय. रिमॅपनंतर तो महिनाभरही टिकणार नाही. नवा टाकताना प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदला, फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्या. थोडी जड प्रेशर प्लेट आणि साध्या अस्तराची प्लेट ही जोडी मला सगळ्यात योग्य वाटते. सिरॅमिक प्लेट झटका देऊन पकडते. दगडांवर इंच-इंच सरकायचं असतं तिथे असा क्लच तुमच्या आणि गिअरबॉक्सच्या दोघांच्या मुळावर येतो.

गिअरबॉक्सच्या पुढचे भागही ध्यानात ठेवा. हवेत गरगरणारं चाक अचानक दगडावर पकडलं की सगळा धक्का प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसवर आणि अ‍ॅक्सलवर येतो. मोठे टायर, वाढलेला टॉर्क आणि उतावळा पाय हे तिन्ही एकत्र आले की तुटलेला अ‍ॅक्सल घेऊन जंगलात रात्र काढायची वेळ येते.

रिमॅप

इथे दोन मार्ग आहेत. पहिला, मध्ये लावायची ट्यूनिंग बॉक्स. बहुतेक स्वस्त बॉक्स एकच काम करतात: रेल प्रेशरच्या सेन्सरचा आकडा ईसीयूला कमी करून दाखवतात. ईसीयूला वाटतं दाब कमी आहे, तो पंपाला अजून दाब वाढवायला लावतो आणि इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं. ईसीयूच्या हिशेबात हे जास्तीचं डिझेल नसतंच, त्यामुळे हवेप्रमाणे डिझेल रोखण्याची त्याची व्यवस्था निकामी होते. पंप आणि इंजेक्टर कायम वाढीव दाबाखाली राहतात. मी ही बॉक्स कुणालाही सुचवत नाही.

दुसरा, ईसीयूचा रिमॅप. ईसीयूमध्ये एकच मॅप नसतो. पायाने किती टॉर्क मागितला, त्याला किती डिझेल, जास्तीत जास्त टॉर्क किती, एवढ्या हवेत धूर न येता किती डिझेल चालेल, बूस्ट किती, रेल प्रेशर किती, डिझेल कधी सोडायचं, हे सगळे वेगवेगळे तक्ते एकमेकांना बांधलेले असतात. चांगला ट्यूनर हे सगळे एकत्र हलवतो. वाईट ट्यूनर टॉर्कची मर्यादा आणि डिझेलची मात्रा वाढवून मोकळा होतो.

ट्यूनरकडे जाताना काही गोष्टी स्पष्ट मागा. मूळ फाइल वाचून तिची प्रत तुम्हाला पेन ड्राइव्हवर मिळाली पाहिजे. काम तुमच्या गाडीच्या डेटावर झालं पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या थारची तयार फाइल ‘सगळ्यांना हीच टाकतो’ म्हणून देत असेल तर परत फिरा. धुराच्या मर्यादेचा तक्ता बंद करायचा नाही, इंजिन वाचवण्यासाठी ठेवलेल्या तापमानाच्या मर्यादा काढायच्या नाहीत, हे आधीच सांगा. तुमच्या वहीतले आकडे बघायला ज्याला रस नाही, त्याच्याकडे काम देऊ नका.

किती मागायचं? घोडं पेंड खातं ते इथेच, कारण प्रत्येकाला ३५० चा स्क्रीनशॉट हवा असतो. रोज वापरायच्या, मूळ टर्बो आणि मूळ इंजेक्टर असलेल्या गाडीसाठी मी २९० च्या पुढे जात नाही. बूस्ट मूळ पातळीपेक्षा फार तर ०.१ ते ०.२ बारने जास्त. टर्बोला वेस्टगेट (जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप) आहे की फिरती पाती, ते बघून ट्यूनर तो कसा वाढवायचा ते ठरवेल. वेस्टगेटचा दांडा हाताने पिळून बूस्ट वाढवायचा जुना उद्योग मात्र करू देऊ नका, कारण त्यात ईसीयूला काहीच कळत नाही.

टॉर्कच्या सर्वोच्च आकड्यापेक्षा त्याच्या आलेखाचा आकार महत्त्वाचा आहे. १४०० आरपीएमलाच सगळा टॉर्क मागितला, तर टर्बोतून पुरेशी हवा येत नसते, सिलिंडरमधला दाब प्रचंड चढतो आणि तो कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवर जास्त वेळ टिकतो, कारण क्रँक हळू फिरत असतो. ऑइलचा थरही त्या गतीला पातळ असतो. म्हणून १६०० पर्यंत जवळपास मूळ आलेखच ठेवा, १८०० ते २००० मध्ये २९० गाठा आणि पुढे २८०० पर्यंत तो पडू देऊ नका. २९० न्यूटन मीटर २८०० आरपीएमला म्हणजे जवळपास ११४ बीएचपी. एवढ्यानेच तिसऱ्या गिअरमधला तुटलेला दम भरून निघतो, आणि इंजिनाला ३५०० च्या वर ताणायची गरज उरत नाही.

रिमॅपनंतरची परीक्षा

डायनो, म्हणजे गाडीचा टॉर्क मोजणारं यंत्र, मिळाला तर उत्तम, त्याच दिवशी रिमॅपच्या आधी आणि नंतर. नाही मिळाला तर एक सपाट, सरळ, निर्मनुष्य रस्ता निवडा. पहाटेची वेळ, टाकीत तेवढंच डिझेल, गाडीत तेवढीच माणसं. तिसऱ्या गिअरमध्ये १५०० ते ३००० आरपीएम जायला किती सेकंद लागतात ते सोबत्याला मोबाइलवर चित्रित करायला सांगा. दोन्ही दिशांनी काही वेळा करून सरासरी काढा. रिमॅपच्या आधी हीच परीक्षा घेतलेली असेल तरच फरक कळतो, मनाला वाटण्यावर भरवसा ठेवू नका.

मग लांब चढ. ताम्हिणी, वरंध, माळशेज, जो जवळ असेल तो, पण सुट्टीचा दिवस टाळून. या चढावर वेग बघायचा नाही, एक्झॉस्टचं तापमान आणि कूलंट बघायचं. मागच्या गाडीतल्या मित्राला धुरावर नजर ठेवायला सांगा. जोर देताना हलकी काळी झुळूक येऊन निवळली तर ठीक, धूर येतच राहिला तर ट्यूनरकडे परत जाऊन डिझेल कमी करून घ्या. तापमान ७०० च्या वर टिकून राहिलं तरी तेच.

पहिल्या हजार किलोमीटरनंतर सगळे होज क्लॅम्प, टर्बोचे आणि मॅनिफोल्डचे नट पुन्हा आवळा, आणि ऑइल बदला.

कायदा, विमा आणि इतर गाड्या

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली बेकायदा बदलासाठी दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. पीयूसी नापास होईल असा कुठलाही बदल रस्त्यावरच्या गाडीत नको. ज्यांना याहून पुढे जायचंय त्यांनी वेगळी गाडी स्पर्धेसाठी किंवा खासगी जागेसाठी ठेवावी. २०१४ पासून गोव्यात भर पावसात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांमध्ये ज्या गाड्या दिसतात, त्या बघून घरच्या गाडीचं गणित मांडू नये.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ डिझेल गाड्यांना, मग ती नवी थार असो की फोर्सची गुरखा, हा लेख जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ असतो. जास्तीच्या डिझेलची काजळी आधी तिथे साचते, तो वारंवार जाळून साफ करावा लागतो आणि शेवटी बुजतो. वॉरंटी असेपर्यंत त्या गाड्यांच्या ईसीयूला हात लावू नका. आधीच्या सगळ्या पायऱ्या, म्हणजे टायर, इंटरकूलरची सफाई, होजची तपासणी आणि फोर एलचा वापर, मात्र त्यांनाही तितक्याच उपयोगी आहेत.

आणि जुनी थार कधी विकायची वेळ आलीच, तर पेन ड्राइव्हवरची मूळ फाइल ईसीयूत परत टाकून घ्या. घेणाऱ्याला रिमॅप हवाच असेल तर ती फाइल, वही आणि क्लच कधी बदलला त्याचं बिल, सगळं गाडीसोबत त्याच्या हातात द्या.